बाक आणि करवत : उंचीचा मेळ

नव्या घरात स्वयंपाकाचा ओटा बांधावयाचा असला, म्हणजे त्याच्या उंचीविषयी घरात थोडीफार चर्चा होतेच. आणि ती व्हावी हे योग्यही आहे. ओट्याची उंची केवळ गवंड्याच्या सवयीवर सोपविली, तर पुढे कित्येक वर्षे त्या ओट्यापाशी उभे राहणाऱ्याला खांदे उचलून पोळ्या लाटाव्या लागतात. भाजी चिरावयास जी उंची सोयीची वाटते ती पोळी लाटावयास सोयीची नसते. पोळपाटाची उंची ओट्याच्या उंचीत मिळते, आणि लाटण्यावर तर वरून भार द्यावा लागतो. पाटा-वरवंटा जमिनीवर असे, तो ह्याच कारणाने. वरवंटा ओढणाऱ्याला देहाचा भार हातांत उतरविता यावा, ही त्या मांडणीतील खरी सोय होती.

घरच्या घरी सुतारकाम करणाऱ्यांच्या छोट्या कर्मशाळेत मात्र उंचीचा हा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो. कोणता रंधा घ्यावा, कोणत्या कंपनीची करवत घ्यावी, पटाशांचा संच किती नगांचा असावा, ह्यांवर महिने न् महिने खल चालतो. बाक मात्र हाताशी असलेल्या लाकडाच्या मापाचा होतो आणि यांत्रिक करवत कारखान्यातून ज्या उंचीची येईल त्या उंचीवर उभी राहते. दोन्ही वस्तू एकाच खोलीत शेजारी शेजारी नांदू लागल्या, म्हणजे त्यांच्या उंचीतील दोन-चार बोटांचा फरक रोज नडू लागतो. तो प्रथम पाठीला नडतो, मग कामाच्या सफाईला नडतो, आणि एखाद्या दिवशी बोटांवर बेतण्याचा संभव असतो. म्हणून ह्या उंचीचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न दिसावयास लहान असला तरी विचार करण्याजोगा आहे.

ज्या यंत्राविषयी येथे बोलावयाचे आहे त्याला कारागीर ‘टेबल सॉ’ म्हणतात. एका सपाट मेजाच्या पोटात विजेची मोटर असते, तिच्यावर चढविलेले गोल पाते मेजातील फटीतून वर डोकावते, आणि त्या फिरत्या पात्याकडे लाकूड ढकलावयाचे असते. बांधकामाच्या जागी काम करणारे सुतार हातात धरावयाची गोल करवत प्लायवुडच्या पेटीत उलटी बसवून हेच यंत्र स्वतः तयार करतात. गोव्यापासून ग्वाल्हेरपर्यंत ते कोठेही दृष्टीस पडते. हातकरवतीत आणि ह्या यंत्रात मूलभूत फरक हा, की हातकरवतीने कापताना लाकूड स्थिर असते आणि करवत चालते. येथे करवत आपल्या जागी असते आणि लाकूड चालते. स्थिर लाकडाला एक टेकू पुरतो. चालत्या लाकडाला मात्र निघण्याच्या जागेपासून पोचण्याच्या जागेपर्यंत सारखा आधार लागतो. उंचीच्या प्रश्नाचे मूळ ह्या फरकात आहे.

आपल्याकडील सुताराने ह्या दोन्ही वस्तूंवाचून शतकानुशतके काम केले. तो जमिनीवर बसतो, फळी पायाच्या अंगठ्याने किंवा टाचेने दाबून धरतो, आणि त्याचे शरीर हाच त्याचा बाक आणि शेगडाही असतो. जपानी सुतारही जमिनीलगत किंवा ठेंगण्या, उतरत्या तुळईवर रंधा ओढतो. प्राचीन रोमन बाक गुडघ्याइतका ठेंगणा असे. कारागीर त्याच्यावर बसून किंवा लाकडावर गुडघा रोवून काम करी. उभ्याने काम करण्याचा उंच बाक युरोपात पुढे रूढ झाला. तेव्हाही त्याची उंची मनास येईल तशी ठरत नव्हती. १७६९ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या सुतारकामावरील विस्तृत ग्रंथात आंद्रे-जाकोब रूबो ह्या फ्रेंच कारागिराने बाकाची उंची काम करणाऱ्याच्या अंगलोटाशी जोडलेली आहे. तात्पर्य, यंत्र येण्यापूर्वी उंची ठरविणारा अधिकारी एकच होता, तो म्हणजे कारागिराचा देह. यंत्राबरोबर दुसरा अधिकारी आला, आणि तेव्हापासून दोघांच्या आज्ञा एकमेकींशी जुळेनाशा झाल्या.

यंत्राची मागणी काय आहे, हे एका साध्या हिशेबावरून ध्यानात येईल. आठ फूट, म्हणजे सुमारे २४४ सेंटिमीटर लांबीची, १५ सेंटिमीटर रुंद आणि अडीच सेंटिमीटर जाड अशी सागवानाची फळी उभी चिरावयाची आहे असे समजू. तिचे वजन सहा किलोच्या आसपास भरेल. लहान यंत्रात पात्यापासून मेजाच्या मागच्या कडेपर्यंतचे अंतर जेमतेम ३० सेंटिमीटर असते. फळी पुढे सरकत सरकत तिचा मध्य मेजाच्या मागच्या कडेबाहेर गेला, की फळी पलीकडे झुकू लागते. त्या क्षणी अजून ९२ सेंटिमीटर, म्हणजे तीन फूट, चिरावयाचे शिल्लक असतात! तेथून पुढे फळी नुसती ढकलून भागत नाही. तिचे अलीकडचे टोक दाबूनही धरावे लागते. हा दाब क्रमाक्रमाने वाढत जातो. काप संपत येतो तेव्हा मेजावर फळीचा केवळ ३० सेंटिमीटरचा भाग उरतो, तिचा गुरुत्वमध्य कडेपासून ९२ सेंटिमीटर बाहेर लोंबत असतो, आणि ती समतोल ठेवण्यास तिच्या वजनाच्या तिप्पट, म्हणजे सुमारे १८ किलो वजनाइतका दाब द्यावा लागतो. तो दाब द्यावयाची जागा म्हणजे नेमकी पात्याच्या तोंडाशी असलेली जागा!

धोक्याचे खरे स्थान येथे आहे. २५ सेंटिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला चार ते पाच हजार फेरे घेते. त्याच्या दातांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या घरात जातो. पात्याचे पुढचे दात खाली जात असतात, त्यामुळे ते लाकडाला मेजावर दाबतात. मागचे दात मात्र वर येत असतात. फळी झुकली, तिरकी झाली किंवा मेजावरून उचलली गेली आणि त्या मागच्या दातांत अडकली, की ते तिला वर उचलून कारागिराच्या दिशेने भिरकावून देतात. कारागिराचा हात त्याच वेळी फळी दाबण्यासाठी पात्याजवळ असेल, तर पुढे काय घडेल हे सांगण्याची आवश्यकता नाही.

धंद्याच्या कर्मशाळेत ह्यावर उपाय म्हणून दुसरा माणूस असतो. करवतीच्या पलीकडे उभा राहून तो निघालेली फळी हातांवर झेलतो. जाणता कारागीर ह्या मदतनिसाला पहिली ताकीद देतो ती अशी, की फळी ओढू नकोस, उचलू नकोस. नुसता आधार दे. चालविणारा हात एकच असला पाहिजे. घरच्या कर्मशाळेत मात्र माणूस एकटा असतो. सायंकाळी कामावरून परतल्यावर किंवा रविवारी दुपारी तो आपल्या खोलीत शिरतो आणि त्याच्या फळीचे दुसरे टोक धरावयास कोणी नसते. ते काम बाकाने करावयाचे असते. म्हणून बाक करवतीच्या मागे लावावयाचा आणि दोघांची उंची जुळवावयाची. त्या बाकालाही मदतनिसाचाच नियम लागू पडतो. त्याने फळीला आधार द्यावा, पण तिची वाट अडवू नये आणि तिला उचलूही नये.

ह्या नियमातून उंचीचे माप आपोआप निघते. ‘जुळविणे’ ह्या शब्दाचा अर्थ पुष्कळजण ‘तंतोतंत सारखी करणे’ असा घेतात आणि तेथेच चुकतात. बाक करवतीच्या मेजाहून केसभर जरी उंच राहिला, तरी फळीचे पुढचे टोक त्याच्या कडेवर आपटते. ऐन कापात फळी थांबते, पाते एकाच जागी घासून लाकूड करपते, आणि कारागीर अडलेली फळी पुढे जावी म्हणून जोर लावतो. यंत्रासमोर आंधळेपणाने जोर लावण्याइतके घातक दुसरे काही नाही. फळी कडेवर चढलीच, तर ती करवतीच्या मेजापासून उचलली जाते आणि मागच्या दातांच्या तावडीत सापडते. खाच पाडण्याचे काम असेल तर खाचेची खोलीही जागोजाग बदलते. उलटपक्षी बाक फार खाली राहिला, दोन-तीन सेंटिमीटर म्हणा, तर फळीचे टोक त्या पायरीवरून खाली उतरते आणि अलीकडचे टोक वर उचलले जाते. लांब प्लायवुड तर कमानीसारखे वाकते. म्हणून बाक करवतीच्या मेजाहून दीड ते तीन मिलिमीटर खाली असावा, हे माप व्यवहारात उत्तम ठरते. बाकाची करवतीकडील कड रंध्याने किंचित उतरती करावी, म्हणजे वाकलेल्या फळीचे टोकही अडखळत नाही.

हे माप घेण्याची रीतही सांगितली पाहिजे, कारण चूक बहुधा तेथे होते. बाक जमिनीपासून मोजला, करवत जमिनीपासून मोजली, दोन्ही आकडे जुळले, आणि तरीही फळी अडते. असे का व्हावे? जमीन सपाट असते हा समज त्याला कारण होय. घरातील कर्मशाळा पुष्कळदा मागील पडवीत, गच्चीवर किंवा मोटार ठेवण्याच्या जागेत असते, आणि पाणी वाहून जावे म्हणून ह्या जागांना मुद्दाम उतार दिलेला असतो. मीटरमागे एक सेंटिमीटर इतका सौम्य उतार डोळ्यांना जाणवतही नाही. परंतु दोन मीटर अंतरावरील बाकाच्या पायाशी तो दोन सेंटिमीटरांचा होतो. जेथे तीन मिलिमीटरांच्या आत राहावयाचे आहे, तेथे हा फरक फार मोठा आहे. यास्तव उंची जमिनीपासून न मोजता एका पृष्ठापासून दुसऱ्या पृष्ठापर्यंत मोजावी. करवतीच्या मेजावर एक सरळ, लांब पट्टी ठेवावी, ती बाकावर पुढे येऊ द्यावी आणि पट्टी व बाक ह्यांमधील फट पाहावी. एक मिलिमीटर जाडीच्या सनमायकाचे दोन तुकडे एकावर एक ठेवून त्या फटीत अलगद सरकले, की माप बरोबर आले. हीच परीक्षा बाकाच्या दोन्ही कडांशी आणि दूरच्या टोकाशीही करावी.

उंची कमीजास्त करण्यासाठी बाकाच्या पायांखाली पुठ्ठ्याचे किंवा प्लायचे तुकडे सारण्याची पद्धत आहे. तिचा दोष असा, की बाक जरा हलला की तुकडे निसटतात. त्याऐवजी चारही पायांच्या तळाशी दहा मिलिमीटर जाडीचे बोल्ट बसवावे. ह्या मापाच्या नेहमीच्या बोल्टच्या आट्यांतील अंतर दीड मिलिमीटर असते. अर्थात् बोल्टला एक पूर्ण फेरा दिला, की बाक दीड मिलिमीटर वर किंवा खाली होतो. जेवढ्या बारीक मापाची येथे गरज आहे तेवढेच ते हाती येते. ऋतूचाही विचार केला पाहिजे. लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ बदलत नाही, म्हणून बाकाचे पाय वर्षभर त्याच उंचीचे राहतात. परंतु बाकाची जाड फळी दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आक्रसते. पाच सेंटिमीटर जाडीच्या फळीत हा फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाऊ शकतो. पणजीचा किंवा बेळगावचा आषाढ आणि ग्वाल्हेरचा वैशाख ह्यांत लाकडाच्या दृष्टीने मोठेच अंतर आहे. उन्हाळ्यात अगदी काटेकोर समपातळीत बसविलेला बाक पावसाळ्यात करवतीच्या वर डोके काढील. आरंभीच दोन मिलिमीटर खाली ठेवलेल्या बाकाला हा ऋतुबदल पचविता येतो.

येथवर केवळ यंत्राची बाजू झाली. आता देहाची बाजू पाहिली पाहिजे. बाक करवतीशी जुळवावयाचा हे खरे. पण त्या जोडीने नेमके किती उंचीवर उभे राहावे? उभ्याने काम करण्याच्या उंचीविषयी स्वित्झर्लंडमधील एतिएन ग्रांजाँ ह्या शास्त्रज्ञाने जी मापे दिली आहेत ती कोपरापासून मोजावयाची आहेत. नाजूक कामाला जागा कोपराच्या पाच ते दहा सेंटिमीटर वर हवी. हलक्या हातकामाला दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली हवी. आणि जेथे अंगाचा भार घालावयाचा त्या कामाला पंधरा ते चाळीस सेंटिमीटर खाली हवी. १६५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेपाच फूट उंचीच्या माणसाचे कोपर जमिनीपासून अंदाजे १०४ सेंटिमीटरवर असते. त्याला आखणीसाठी व बारीक कोरीव कामासाठी ११० सेंटिमीटरच्या वर, जुळणीसाठी ९० सेंटिमीटरच्या आसपास आणि रंधा मारण्यासाठी त्याहून बऱ्याच खालची उंची हवी, असे निघते. रंध्याच्या बाकाविषयी कारागिरांचा एक जुना आडाखा आहे. सरळ उभे राहून हात सैल सोडावे. बाकाचे पृष्ठ मनगटाची घडी आणि मुठीची पेरे ह्यांच्या दरम्यान यावे. ह्याच माणसासाठी ते ७२ ते ८० सेंटिमीटर भरते. दोन्ही हिशेब एकाच दिशेला बोट दाखवितात.

कारखान्यातून येणाऱ्या जड, पायांसकटच्या करवतीच्या मेजाची उंची बहुधा ३४ इंच, म्हणजे ८६ सेंटिमीटरच्या आसपास असते. साडेपाच फूट उंचीच्या माणसास ती करवतीसाठी ठीक आहे. ह्या उंचीवर हात कोपरातून मोकळे राहतात, खांदे उचलावे लागत नाहीत, आणि पात्यावर ओणवेही व्हावे लागत नाही. परंतु त्याच उंचीचा बाक त्याला रंधा मारावयास सहा ते चौदा सेंटिमीटर उंच पडतो. अशा बाकावर तासभर रंधा मारला, की सारे काम दंडांच्या आणि खांद्यांच्या जोरावर होते; कंबर व पाय जो भार देऊ शकले असते तो वायाच जातो. नवशिक्याला वाटते की रंध्याची धार गेली. धार शाबूत असते. बाक उंच असतो.

येथे यंत्र आणि देह ह्यांचा तंटा उघड होतो, आणि तो सोडविताना एक गोष्ट प्रथम ठरवावी लागते : कोणी कोणाशी जुळवून घ्यावयाचे? करवत जड आणि बांधीव पायांची असेल तर तिची उंची बदलत नाही; बाकानेच तिच्याशी जुळवून घ्यावे. पण घरगुती कर्मशाळेत हल्ली दिसते ती करवत बहुधा लहान, उचलून नेता येणारी असते. पायांशिवाय तिचे मेज एका हाताहून कमी, साधारणपणे ३३ सेंटिमीटर उंचीचे असते, आणि तिच्याखाली चौरंग किंवा पेटी मालकालाच करावी लागते. येथे यंत्र हुकूम करीत नाही. अशा वेळी प्रथम माणसाची उंची पाहावी, तीवरून करवतीची ठरवावी, आणि मग बाक दोन मिलिमीटर खाली घ्यावा. पाच फूट उंचीच्या व्यक्तीचे कोपर ९४-९५ सेंटिमीटरवर असते. तिने ८६ सेंटिमीटरचा आग्रह धरण्याचे काहीच कारण नाही. ८० सेंटिमीटरवर तिची करवत अधिक सुखाने आणि अधिक सुरक्षितपणे चालेल.

राहता राहिला रंधा आणि कोरीवकाम. मोठ्या कर्मशाळेत तीन उंचीचे तीन बाक ठेवता येतात. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोलीत एकालाच जागा असते, आणि एकाच बाकाकडून तीन उंचीची कामे करवून घेण्याची युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. ती म्हणजे पाट. बाक खाली येत नसेल तर माणसाने वर जावे. आठ सेंटिमीटर उंचीचा, भक्कम, दोन्ही पाय ऐसपैस मावतील एवढा रुंद पाट बाकाच्या बाजूला ठेवला, की ८६ सेंटिमीटरचा बाक रंधा मारणाऱ्याला ७८ सेंटिमीटरचा होतो. काम झाले की पाट बाकाखाली सरकवावा. करवतीपुढे मात्र असा सुटा पाट कदापि नसावा. फळी ढकलताना पाऊल पुढे टाकावे लागते, आणि पाटाच्या कडेवरून घसरलेला पाय हाताला पात्यावर नेतो. करवत उंचच असेल आणि कारागीर ठेंगणा असेल, तर उभे राहावयाची सबंध जागाच फळ्या ठोकून भरून घ्यावी, म्हणजे पायाशी कड उरणार नाही. उलट, आखणीसाठी व कोरीवकामासाठी वीस-पंचवीस सेंटिमीटर उंचीचे एक छोटे मेज बाकावर ठेवून शिकंज्याने आवळावे. एक बाक, एक पाट आणि एक छोटे मेज, ह्या तीन वस्तूंत तिन्ही उंची साधतात, आणि करवतीच्या मागची पातळी जागची हलत नाही.

बाक कोणत्या दिशेने लावावा, ह्याकडेही दुर्लक्ष होते. दीड मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद असा बाक करवतीमागे आडवा लावला, तर कापलेल्या फळीला मागे केवळ ६० सेंटिमीटरचा आधार मिळतो. सुमारे सहा फुटांपर्यंतच्या फळीला तो पुरतो. आठ फुटी फळीचा मध्य बाकाच्याही पलीकडे जातो आणि ती तेथून कलंडते. तोच बाक लांबीने लावला तर तीच फळी काप संपल्यावर हात न लावताही बाकावर पडून राहते. लांबीने लावण्यास जागा नसेल, तर आडव्या बाकाच्या मागच्या कडेला बिजागऱ्यांवर एक पडती फळी जोडावी आणि गरजेपुरती उचलावी. करवत आणि बाक ह्यांत चार-पाच सेंटिमीटरांची फट ठेवणे इष्ट असते, कारण कित्येक यंत्रांचे भुसा बाहेर टाकण्याचे तोंड मागच्या बाजूस असते आणि ते बुजले की भुसा पोटात साचून मोटर तापते. करवतीच्या मेजात पात्याला समांतर अशा दोन खाचा असतात. आडव्या कापाची घसरती पट्टी त्यांतून चालते आणि काप संपताना मागे बाहेर येते. तिला वाट मिळावी म्हणून बाकातही त्याच रेषेत त्याहून थोड्या रुंद आणि खोल अशा दोन खाचा पाडाव्या. त्या विसरल्या, तर पट्टी बाकाच्या कडेवर अडते.

खोली लहान असली की आणखी एक हिशेब आड येतो. आठ फुटी फळी उभी चिरावयास पात्याच्या अलीकडे आठ फूट आणि पलीकडे आठ फूट, म्हणजे एकंदर सोळा फूट वाट लागते. दहा फुटी खोलीत ती नसते. अशा वेळी करवत आणि बाक दरवाजाच्या रेषेत मांडावे, म्हणजे फळी एका दारातून आत येऊन दुसऱ्या दारातून किंवा खिडकीतून बाहेर जाऊ शकते. आठ फूट लांब व चार फूट रुंद प्लायवुडचा तक्ता मात्र ह्या मांडणीतही एकट्याने चिरू नये. अठरा मिलिमीटर जाडीच्या अशा तक्त्याचे वजन ३० किलोंच्या पुढे जाते. तो आवरणे हे बाकाच्या आणि एका माणसाच्या आवाक्याबाहेरचे काम आहे. तो अगोदर जमिनीवर पट्ट्यांवर ठेवून हातकरवतीने किंवा हातातील यांत्रिक करवतीने ढोबळ तुकड्यांत कापावा आणि मग ते तुकडे मेजावर आणावे.

उंचीचा मेळ बसला म्हणजे सारे धोके टळले, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. पात्यावरचे झाकण आणि पात्यामागची, कापाची फट मिटू न देणारी उभी पोलादी पट्टी जागेवर असलीच पाहिजे. बांधकामावरील उलट्या बसविलेल्या करवतीत बहुधा ही दोन्ही नसतात, आणि घरगुती कामासाठी तिची नक्कल करू नये ती ह्याच कारणासाठी. शेवटचे वीतभर अंतर हाताने न ढकलता खाचेच्या काठीने ढकलावे. उभे राहताना पात्याच्या नेमके समोर न राहता एका अंगाला राहावे, म्हणजे मागे फेकलेली फळी पोटावर येणार नाही. बंद करण्याचे बटण बाकाच्या किंवा लोंबत्या फळीच्या आड जात नाही ना, हे पाहावे. परंतु ह्या साऱ्या सावधगिरी पाळावयास चित्त आणि हात मोकळे असावे लागतात. फळीचे दुसरे टोक सावरण्यात गुंतलेल्या माणसाजवळ ते मोकळे नसतात, आणि योग्य उंचीचा बाक ते मोकळे करून देतो.

सगळी मांडणी झाल्यावर एकदा रंगीत तालीम करावी. विजेची जोडणी काढून ठेवावी, पाते मेजाखाली उतरवावे, आणि कर्मशाळेत येऊ शकेल अशी सर्वांत लांब फळी मेजावरून बाकावर शेवटपर्यंत सरकवून पाहावी. ती कोठे अडते का, कोठे उचलली जाते का, भिंतीला लागते का, आणि हात काढून घेतल्यावर बाकावर स्वस्थ पडून राहते का, एवढेच पाहावयाचे. अडली, तर बोल्टला अर्धा फेरा द्यावा आणि फळी पुन्हा सरकवावी. ह्या कामास फार झाले तर अर्धा तास लागेल. फळी एका हाताने, जोर न लावता, आरंभापासून शेवटापर्यंत गेली, म्हणजे पाते वर घेऊन वीज जोडण्यास हरकत नाही.